चारही चाकांचा हट्ट

माझी आत्या डोळे तपासायची. चष्मे विकायची नाही, नंबर काढायची. हा फरक तिला फार महत्त्वाचा वाटायचा. कुणी तिला 'चष्म्याच्या दुकानवाल्या बाई' म्हटलं, की ती त्याला तिथल्या तिथे सरळ करायची. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. भिंगांची एक लाकडी पेटी, गुंडाळता येणारा अक्षरांचा तक्ता आणि घडीची खुर्ची एवढं गाडीत टाकून तिनं एकतीस वर्षं आजूबाजूच्या चौदा गावांना फेऱ्या मारल्या. ज्या म्हाताऱ्यांना शहरात घेऊन जायला घरात कुणाला वेळ नसतो, अशांचे डोळे ती त्यांच्याच ओसरीवर बसून तपासायची.

तिचं बोलणं रोखठोक. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती अर्धा नंबरही इकडचा तिकडे करायची नाही. एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा पाण्याचा टँकर चालवणारा एक पासष्टीचा गृहस्थ आला. तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवरच तो अडखळला. आत्यानं भिंगं बदलून बदलून पाहिली, मग फ्रेम उतरवली आणि म्हणाली, "चष्म्यानं भागायचं नाही. समोरून येणारा माणूस तुम्हाला उशिरा दिसतो. आजपासून टँकर सोडा." तो आधी चिडला, मग विनवण्या करायला लागला. आत्या ढिम्म. परत येताना मी म्हटलं, "अगं, जरा गोड शब्दांत सांगायचं." तर म्हणाली, "गोड शब्दांत सांगितलं असतं, तर उद्या परत टँकरवर चढला असता. माझ्यावर ही वेळ आली ना, तर मी कुणी सांगायची वाट बघणार नाही."

हे मी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिची जुनी छोटी गाडी अखेर मोडीत गेली तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. गुडघे कुरकुरत होते, खाली वाकून गाडीत बसायचा तिला त्रास व्हायचा, म्हणून या वेळी उंच गाडी घ्यायची असं ठरलं. गाडी घ्यायची म्हटल्यावर घरात एकच नाव पुढे येतं आणि ते म्हणजे मी. मी पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत कामाला आहे. गाड्यांशी माझा संबंध एवढाच, की जेवताना मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. कुणी वाळवंटात गाडी घालतो, कुणी नदीत घालतो, मी ताटावर बसून त्यांच्या चुका काढतो. आत्या मला 'सर्वज्ञ' म्हणायची. ती चेष्टा आहे हे मला कळायचं, पण खरं सांगायचं तर आवडायचंही.

शोरूममध्ये आत्यानं आपल्या वहीतलं पान काढून विक्रेत्यासमोर ठेवलं. चौदा गावांची नावं, प्रत्येकापुढे रस्ता कसा आहे ते. तेरा ठिकाणी डांबरी. एका ठिकाणी शेवटचा अर्धा किलोमीटर खडीचा. तिनं विचारलं, "यात दोन चाकांच्या जोरावर चालणारी गाडी आहे आणि चार चाकांच्या जोरावर चालणारी पण आहे म्हणता. माझ्या या रस्त्यांना चार चाकांचा जोर कधी लागेल?"

विक्रेता पोरगेला असला तरी प्रामाणिक होता. त्यानं पान दोनदा वाचलं. "खरं सांगू का बाई? नाही लागणार. चिखल, वाळू, बर्फ असं काही असेल तर उपयोग. तुमच्या रस्त्यांना दोन चाकंवाली भरपूर झाली. वजनाला हलकी, तेल कमी खाते, देखभालही कमी."

"मग तीच दाखवा," आत्या म्हणाली.

इथे मी मध्ये पडलो. पडलो म्हणजे काय, उडीच मारली. एकटी बाई, या वयात, कुठे आडबाजूला गाडी रुतली तर कोण येणार आहे, चार चाकांना पकड जास्त, सुरक्षिततेशी खेळ नको, वगैरे वगैरे. सगळे व्हिडिओ मी त्या काचेच्या खोलीत ओकलो. आत्या म्हणाली, "अरे, एकतीस वर्षांत एकदाही रुतले नाही मी." मी म्हटलं, "रुतल्यावर सांगशील का, की भाच्याचं ऐकायला हवं होतं?" विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. त्याच्या जागी मीही गप्पच बसलो असतो, महाग गाडी विकली जात होती. शेवटी आत्यानं हात टेकले. "घे बाबा. तुझं मन तरी शांत होऊ दे."

गाडी ताब्यात देताना तो विक्रेता आत्याला एकेक गोष्ट समजावत होता. गिअरच्या दांड्याशेजारी एक गोल खटका होता. एका खुणेवर ठेवला की मागचीच चाकं गाडी ढकलायची, दुसऱ्या खुणेवर फिरवला की चारही. तो म्हणाला, "आणि हा खटका मात्र बाई, कोरड्या डांबरी रस्त्यावर..."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "मी सांगेन तिला."

मला माहीत नव्हतं. 'चार म्हणजे चांगलं' एवढंच माहीत होतं. मी खटका चारच्या खुणेवर फिरवला, समोर एक हिरवा दिवा लागला. आत्यानं विचारलं, "हा दिवा कसला?" मी म्हटलं, "हा लागलेला असला की समज, गाडी तुला सांभाळते आहे. याला हात लावू नकोस."

आणि तिनं लावला नाही. भिंगांच्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही, त्यामुळे 'हात लावू नकोस' ही सूचना ती तंतोतंत पाळायची.

दोन महिन्यांनी ती जेवायला आली तेव्हा सहज म्हणाली, "वळवताना फार जड जाते रे ही. अरुंद जागेत मागे-पुढे करताना तर अडखळते. कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं."

"मोठी गाडी आहे," मी घास चावत म्हणालो. "सवय होईल."

आणखी दोन महिन्यांनी म्हणाली, "वळताना धक्के बसतात. टायर ओरडतात." मी म्हटलं, "तू स्टिअरिंग हिसकावत असशील." तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, कारण मी आमटीत मीठ कमी आहे का याचा विचार करत होतो. माझी बायको मात्र म्हणाली, "एकदा तू चालवून बघ ना." मी 'बघतो' म्हणालो. 'बघतो' या शब्दात मी आयुष्यातल्या किती गोष्टी पुरल्या आहेत त्याची गणती नाही.

सहाव्या महिन्यात मी गाडी सर्व्हिसिंगला दिली. परत आली आणि दोनच दिवसांत आत्याचा फोन, आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, काय केलं रे त्यांनी? लोण्यासारखी वळते! मला वाटलं होतं, माझंच काहीतरी बिनसलं." मी संध्याकाळी गेलो, गाडीत बसलो, तर हिरवा दिवा बंद. गॅरेजवाल्यांनी खटका दोनवर फिरवून ठेवला होता. माझं डोकंच फिरलं. कुणाच्याही गाडीत असे खेळ करतात म्हणजे काय! मी खटका परत चारवर केला. सर्व्हिसिंगच्या कागदावर खाली पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं, ते न वाचता मी कागद दाराच्या खणात कोंबला.

पुढच्या आठवड्यात आत्या म्हणाली, "परत जड झाली." आणि त्यानंतर तिनं गाडीबद्दल तक्रार करणं बंद केलं. आता ती स्वतःबद्दल बोलायला लागली. मनगटात जोर राहिला नाही म्हणाली. डॉक्टरकडे गेली. त्यांनी हात दाबून पाहिले, रक्त तपासलं, काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं नेहमीचं वाक्य सांगितलं, की वयानुसार चालायचंच. ती चिंध्यांचा चेंडू करून सकाळ-संध्याकाळ मुठीत दाबायला लागली. लांबची दोन गावं सोडून दिली, मग आणखी दोन. मला वाटलं, बरं झालं, दगदग कमी झाली.

नवव्या महिन्यात एका गावच्या दवाखान्याच्या आवारात ती गाडी वळवत होती. चाक पुरतं वळेना, तिनं जोर लावला, गाडी अडखळून एकदम पुढे उडाली आणि उताराच्या कठड्यावर घासली. कठड्यापलीकडे बाकावर तपासणीसाठी माणसं बसली होती. एका आजोबांचे पाय आणि गाडीचं नाक यांत वीतभर अंतर राहिलं. कुणाला काही झालं नाही. आजोबाच तिला पाणी द्यायला उठले.

तिथून ती कशीबशी थेट माझ्याकडे आली आणि चावी टेबलावर ठेवली.

"माझं चालवणं संपलं," ती म्हणाली. "मी लोकांना तोंडावर सांगत आले. आता मला सांगायला कुणी नको."

मी तिला थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "योग्य वेळी निर्णय घेतलास आत्या." किती मोठेपणानं म्हणालो ते आठवलं, की अजून अंगावर काटा येतो. आणि गाडी उभी राहून खराब होईल, या नावाखाली दुसऱ्या दिवसापासून ती मीच ऑफिसला न्यायला लागलो.

ऑफिसचा रस्ता सरळसोट आहे, त्यामुळे मला फारसं जाणवलं नाही. पार्किंगमध्ये वळवताना मात्र ती अडायची, उड्या मारायची. मला वाटलं, आत्यानं गाडीची वाट लावली. होय, हेसुद्धा वाटलं. तीन महिन्यांनी टायर झिजले म्हणून बदलायला गेलो, तर टायरवाल्या मिस्त्रीनं कडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "साहेब, ही कायम चारवर चालवता का?"

"अर्थात," मी म्हणालो.

 मिस्त्रीनं कोपऱ्यातली सामानाची हातगाडी ओढली, तिची चाकं पाण्याच्या डबक्यातून नेली आणि कोरड्या फरशीवर एक छोटा गोल घेतला. फरशीवर ओले पट्टे उमटले. "हे बघा. वळताना पुढची चाकं बाहेरून लांबचा फेरा घेतात, मागची आतून जवळचा. आता तुमच्या गाडीत चारवर टाकलं की पुढची-मागची एकमेकांना जखडली. दोघांनी सारखंच फिरायचं. चिखलात घसरून निभावतं. कोरड्या रस्त्यावर निभवायला जागा कुठे आहे? मग कुणीतरी फरफटणार. स्टिअरिंग दगडासारखं होणार, गाडी उड्या मारणार. चांगला पैलवान बसवला तरी धड वळणार नाही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगत होता एक जण. मीच त्याला गप्प केलं होतं.

गाडीत बसून मी दाराच्या खणातला तो कागद काढला. चुरगळलेल्या कागदावर गॅरेजवाल्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'ग्राहकास सांगावे : कोरड्या रस्त्यावर चारवर ठेवू नये.' मी खटका दोनवर फिरवला आणि टायरवाल्याच्या अंगणातून गाडी एका हातानं वळवली. लोण्यासारखी वळली. 

त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस गेला असता. मी सव्वा महिना गेलो नाही. कारणं माझ्याकडे ढीगभर होती. आधी मागवलेले नवे टायर येऊ देत. मग ऑफिसात गडबड. मग वाटलं, तिनं मनाची समजूत घातली आहे, आता कशाला जखम उकरायची. बायको रोज विचारायची, "सांगितलंस?" एक दिवस तिनं विचारणं सोडलं आणि म्हणाली, "गाडी सोडवत नाहीये ना तुला?" मी तिच्यावर ओरडलो. इतक्या जोरात ओरडलो, की ती बरोबर बोलली हे दोघांनाही कळलं.

खरंच सोडवत नव्हती. उंच सीट, ऑफिसातल्या लोकांच्या नजरा. आणि त्याहून खोल, आत्यासमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायची लाज. सर्वज्ञाला ते शब्द कधी उच्चारावे लागले नव्हते.

एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे काही कागदांवर सही घ्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत ती खुर्चीत ताठ बसली होती, पाठ माझ्याकडे. दोन्ही हातांत एक मोठं पातेल्याचं झाकण, स्टिअरिंग धरतात तसं धरलेलं. ती ते डावीकडे पूर्ण फिरवायची, उजवीकडे पूर्ण फिरवायची आणि तोंडानं आकडे मोजायची. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. मध्येच थांबून मनगट चोळलं आणि पुन्हा सुरू केलं.

मी दारातच उभा राहिलो. आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

मी आत गेलो आणि सगळं सांगितलं. खटका, हिरवा दिवा, विक्रेत्याचं अर्धवट तोडलेलं वाक्य, गॅरेजचा कागद. म्हटलं, "तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही आत्या. कधीच झालं नव्हतं. त्या गाडीला कुणीही वळवू शकलं नसतं. चूक माझी होती."

झाकण तिच्या मांडीवर तसंच होतं. तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी हा प्रश्न सोडून बाकी सगळ्याची तयारी केली होती. "सव्वा महिना झाला."

तिनं झाकण खाली ठेवलं.  नंबर चुकीचा निघाला तर कुठल्या भिंगापाशी चुकलं ते शोधताना बघायची, तशी माझ्याकडे बघितली. मला वाटलं, आता फटकारेल, मला फटकारून घ्यायचंच होतं. पण ती उठली, हात पुढे केला. "चावी दे."

अंगणात तिनं गाडी सुरू केली. हिरवा दिवा बंद आहे ना, हे तिनं आधी पाहिलं. मग ती वळली. एक गोल, दुसरा गोल, उलट दिशेनं तिसरा. विहिरीचा कठडा, कपड्यांची दोरी, शेजाऱ्यांची भिंत, कुठे म्हणून धक्का नाही. चौसष्टची, आता पासष्टची झालेली माझी आत्या दोन बोटांनी गाडी फिरवत होती आणि मी कपड्यांच्या दोरीपाशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होतो. वाटलं, सुटलो. होईल सगळं पूर्वीसारखं.

ती फाटकापर्यंत आली. पुढे रस्ता होता, रिकामा. एक सायकलवाला गेला. गाडी थांबलेलीच. मी जवळ गेलो, तर तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"जा ना," मी म्हणालो. "रस्ता मोकळा आहे."

"मला ते आजोबा दिसतात," ती म्हणाली. "बाकावरचे. त्यांचे पाय दिसतात."

"तो गाडीचा दोष होता गं! माझा होता!"

"हो, ते डोक्यात शिरलंय. पायात शिरत नाही." तिनं इंजिन बंद केलं. "मी वर्षभर रोज स्वतःला सांगितलं, की तुला जमत नाही. आता खरंच जमत नाही रे."

त्यानंतरही आम्ही बरेच प्रयत्न केले. पहाटे, मोकळ्या मैदानात, मी शेजारी बसून. पण रस्त्यावर गाडी काही तिच्या हातून गेली नाही. शेवटी मी ठरवलं, की दर आठवड्याच्या माझ्या सुट्टीच्या दिवशी मीच तिला फेरीला न्यायचं. ती आधी नको म्हणाली, मग तयार झाली. मी हे प्रायश्चित्त म्हणून करत होतो आणि मनातल्या मनात त्याचंही मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

पहिल्याच दिवशी पहिल्या गावात लोक गोळा झाले. इतक्या दिवसांनी बाई आल्या म्हणून सगळे खूश. एका आजींनी फ्रेम डोळ्यांवर असतानाच माझ्याकडे बोट केलं. "बाई, गाडी तर तुम्हीच चालवायच्या ना? आता हे कोण?"

मी तोंड उघडलं. सगळ्यांसमोर सांगावं असं मनात आलं, शपथेवर सांगतो, आलं.

"माझा भाचा," आत्या भिंग बदलत म्हणाली. ज्या बाईनं जन्मात कुणाचा अर्धा नंबर लपवला नाही, ती नजर न उचलता म्हणाली, "वय झालं हो माझं. हात चालत नाहीत आता. तो बिचारा आपली सुट्टी मोडून मला फिरवतो."

"गुणाचा आहे पोरगा," आजी म्हणाल्या. ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी आम्ही तीन गावं केली. तिन्ही गावांत कुणी ना कुणी तेच विचारलं आणि तिनं तेच उत्तर दिलं. तिन्ही ठिकाणी मी शेजारी उभा होतो आणि तिन्ही ठिकाणी गप्प बसलो.